शेपटीनं श्वास घेणारी साक्षीदार

१. ढेप बुडाली

गुरुवारी सकाळी धनीबाई शेततळ्यावर माशांना खायला ढेप टाकायला गेली तेव्हा तळ्यात पाणी होतं, पाण्यावर आभाळ होतं, काठावर एक बगळा होता. मासे तेवढे नव्हते.

तसे ते मासे म्हणण्याइतके मासे नव्हतेच. रविवारी सोडलेलं बी होतं ते, जिऱ्याएवढं. म्हणूनच सरकारी कागदात त्याला मत्स्यजिरे म्हणतात आणि तांड्यावर नुसतंच जिरं. पण जिरं झालं तरी त्याला भूक होती. ढेप पडली की काठचं पाणी चहाच्या आधणासारखं खदखदायचं. त्या सकाळी ढेप पडली, थोडा वेळ तरंगली आणि कुणाचीच वाट न पाहता बुडाली.

धनीबाई तांड्यावरच्या बायांच्या बचत गटाची अध्यक्ष. तळं गटाचं, बी गटाचं. तिनं अशी काही आरोळी ठोकली की बगळा उडाला आणि तांडा गोळा झाला. सगळ्यात पुढं तिचा नवरा रामसिंग. त्यानं पाण्याकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं, पुन्हा पाण्याकडं पाहिलं आणि ओरडला, "औषध! कोणंतरी तळ्यात औषध टाकलं!"

आणि नेमका त्याच घडीला शेजारच्या कपाशीच्या पऱ्हाटीतून, पाठीवर फवारणीचा पंप घेऊन, बादल शेताच्या धुऱ्यावर उगवला.

माणसानं कुठं उगवावं याला काही ताळतंत्र असतं. बादलला ते नव्हतं. "काय झालं जी?" त्यानं विचारलं. सगळे पंपाकडं पाहत होते. पंपाच्या नळीतून एक थेंब टपकला. तेवढा पुरावा तांड्याला पुष्कळ झाला.

बादलची गोष्ट अशी की तो पोलीस भरतीत पास झाला होता. मैदानी झाली, लेखी झाली. आता फक्त कागदपत्रं आणि चारित्र्य पडताळणी उरली होती. म्हणजे पोलीस व्हायला त्याला एवढंच करायचं होतं की थोडे दिवस पोलिसांच्या कागदावर यायचं नाही. आणि धनीबाई तर चप्पल घालून ठाण्यात निघालीच होती.

तिला अडवलं ते विमलताईंनी. गाव आणि तांडा मिळून पोलीस पाटील एकच, त्या विमलताई. त्यांना संशय येत नसे. संशय त्यांच्या घरी राहायलाच होता. दूधवाल्यानं जरा जास्त मोकळेपणानं राम राम केला तर त्या दूध पुन्हा मोजून घेत. आजवरचा त्यांचा सर्वात मोठा तपास किसनरावांच्या चोरीला गेलेल्या मोटरपंपाचा. तो पंप शेवटी किसनरावांच्याच सासुरवाडीत सापडला होता आणि किसनराव तेव्हापासून विमलताईंशी बोलत नव्हते.

"शनिवारी जाऊ ठाण्यात," विमलताई म्हणाल्या. "मले आधी पाहू तर दे."

"पाह्यचं काय त्याच्यात, पाटलीनबाई? पाणी आहे, मासोळी नाही."

"तेच पाह्यचं आहे."

त्या काठाशी उकिडव्या बसल्या. तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकच्या पन्नीला चिकटलेलं एक जिरं त्यांना दिसलं. त्यांनी ते नखावर घेतलं आणि डोळ्याजवळ नेलं. डोळे होते, शेपटी होती, कातडी होती. मधला मासा मात्र कुणीतरी शोषून घेतला होता.

औषधानं मेलेला मासा फुगतो. हा तर रिकामा होता.

२. ग्यारंटी पाण्यापर्यंत

बादलनं आपल्या घरात जबाब सावधान उभा राहून दिला. विमलताई दोनदा म्हणाल्या बस, पण तो बसला नाही.

"कवा फवारलं?"

"बुधवारी, ताई. पण वारा तळ्याकून पऱ्हाटीकडं होता."

"वाऱ्याले साक्षीले बोलावता येत नाही. पंप कुठं धुतला?"

बादलनं टाचेला टाच जुळवली. मग म्हणाला, "घरी. हापशीवर."

"कोणी पाह्यलं?"

"कोणीच नाही."

जे कुणीच पाहत नाही ते विमलताईंच्या हिशेबी घडलेलंच नसतं. त्यांनी बादलला संशयितांत ठेवलं. भिंतीवर खिळ्याला एक सुकलेला हार लटकत होता. मागच्या शनिवारी संध्याकाळी तांड्यानं बादलचा सत्कार केला होता, त्यातला तो. शाल तांड्याच्या नायकाकडून, हार बायांच्या गटाकडून आणि भजे रामसिंगकडून. गरम, कुरकुरीत, परातीच्या परात. विमलताई त्या सत्काराला पाहुण्या होत्या, आणि भाषणात काय बोलल्या ते त्यांना आठवत नसलं तरी भजे आठवत होते.

"ताई," दाराशी बादल हळूच म्हणाला, "माहं नाव ठाण्यात गेलं ना, तर सारं गेलं. बाबा आतापासूनच सगळ्यायले सांगून राह्यले, माहा पोट्टा फौजदार झाला म्हणून."

"शिपायाची भरती आहे ना रे?"

"हाव. तेबी त्यायले सांगाचंच राह्यलं आहे."

दुसरा संशयित घनश्याम. दिग्रसहून पिकअपमध्ये पिशव्या भरून मासोळीचं बी आणून विकणारा. त्याला विमलताईंनी फोन लावला.

"बी एकदम ओरिजनल होतं, ताई. एकेका माशाची ग्यारंटी."

"मंग गेले कुठं?"

"ग्यारंटी पाण्यापर्यंत. पाण्यात गेला का तो मासा तुमचा."

"पिशवीत पाणीच जास्त होतं का, घनश्याम?"

"गटाच्या साऱ्या बाया वाकून पाहत होत्या, ताई! कमी असतं तर मले जिवंत जाऊ देलं असतं का?" मग तो जरा थांबला. "तुमी मले इचारता, पण एक मी इचारू का? बी सोडाच्या आदल्या दिवशी तळ्यात साबण-तेल टाकलं होतं का?"

विमलताईंचे कान टवकारले. "ते काय अजून?"

"घ्या! मासोळीवाल्याचं पहिलं काम ते. साबण पाण्यात उकळाचा, त्याच्यात तेल घोटाचं अन् तळ्यावर शिंपडाचं. पाण्यावर तेलाचा पडदा येते. पाणकिडे श्वास घ्याले वर येतेत, पडदा फुटत नाही, तिथंच गुदमरतेत. दुसऱ्या दिवशी बी सोडाचं. नाही तर किडे खाऊन टाकतेत. मी धनीबाईंले सांगतलं होतं. गटानं सरकीच्या तेलाचा पिपा घेतला, साबणाच्या वड्या घेतल्या."

"टाकलं कोणं?"

"ते रामसिंगभाऊले इचारा. शनिवारी धनीबाई तर दिवसभर दिग्रसले, माह्या दुकानात होत्या."

फोन ठेवल्यावर विमलताईंनी बगळ्याचं नाव मनातून खोडलं. बगळा मासा गिळतो. मधला मासा काढून कातडी परत ठेवण्याइतका तो काटेकोर नसतो.

३. साफ हात

रामसिंगनं विमलताईंचं असं स्वागत केलं की त्या दारातच सावध झाल्या. खाट टाकली, तिच्यावर चादर टाकली, चादरीवर उशी ठेवली. चहा आला, चहात आलं आलं. ज्या माणसानं आजवर कुणाला बिडीसुद्धा ओढायला दिली नव्हती, त्याच्या घरी चहात आलं. अंगणात मंडपवाल्याची मोठी कढई पालथी पडली होती आणि तिच्यावर एक कोंबडी बसली होती.

"साबण-तेल टाकलं होतं का, रामसिंगभाऊ?"

"टाकलं ना! मीच टाकलं. शनिवारी दुपारी."

"कोणी पाह्यलं?"

"मी पाह्यलं," दारातून धनीबाई म्हणाली. "सांजच्याले दिग्रसहून आली, पह्यले तळ्यावर गेली. काठाले हा एवढा फेस होता. साबणाचा वास येऊन राह्यला होता." मग नवऱ्याकडं बोट दाखवून म्हणाली, "यायच्यावर नाही, पण फेसावर माहा भरोसा आहे. मासोळीच्या ट्रेनिंगमध्ये साहेबानं हे सांगतलं तवा हे दात काढून हसले होते, सगळ्या बायांयच्या पुढं."

"हसू नाही तर काय करू?" रामसिंग म्हणाला. "मासोळी तेलात टाकतेत हे मले माहीत आहे. तेल मासोळीत टाकतेत हे मी पहिल्यांदा आयकलं."

"भैताड!" धनीबाई म्हणाली आणि आत गेली.

विमलताईंनी चहाचा घोट घेतला. "बम मेहनत झाली असन. हात दोन दिवस तेलकट राह्यले असतीन?"

"नाही ना!" रामसिंगनं दोन्ही हात पुढं केले. "साबणच तो. हात उलटे साफ झाले. पाहा."

विमलताईंनी पाहिले. हात खरंच साफ होते. त्या काही बोलल्या नाहीत. न बोलणं हे त्यांचं सर्वात भारी हत्यार होतं आणि ते त्यांच्याकडून क्वचितच बाहेर निघे.

"बाकी औषधाचंच काम आहे हे," रामसिंग त्यांना पोचवायला धुऱ्यापर्यंत आला. "त्या पोट्ट्याले तुमी आज ठाण्यात न्या. उशीर कायले?"

घाई करणारा माणूस विमलताईंना आवडत नसे. त्या एकट्या तळ्यावर गेल्या. बरोबर घरची चाळणी होती आणि स्टीलचा डबा. काठाच्या गवताखाली त्यांनी चाळणी घातली आणि तळातून वर ओढली. गाळ आला, शेवाळ आलं. त्यांनी बोटानं शेवाळ बाजूला केलं, आणि शेवाळ त्यांना चावलं.

असं चावलं की विमलताईंनी पोलीस पाटलाच्या तोंडी शोभणार नाही असा शब्द काढला. बोटाला लटकलेलं ते मळकट, लांबुळकं, सहा पायांचं काहीतरी त्यांनी झटकून डब्यात टाकलं आणि झाकण लावलं.

बोटातून रक्त येत होतं. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच संशयितानं स्वतःहून हल्ला केला होता.

४. नाव, गाव, नख्या

विमलताईंची भाची अर्पिता दिग्रसच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. पाणकिडे हा तिचा विषय. घरच्या लग्नात ती त्या विषयावर बोलू लागली की आजूबाजूच्या लोकांना एकदम पाणी वाढायचं आठवे. मावशीचा फोन आला तेव्हा तिला आधी वाटलं, स्थळ असेल. किडा आहे म्हटल्यावर ती शुक्रवारी दुपारच्या एस्टीनं भिंग घेऊन आली.

पांढऱ्या बशीत पाणी घेतलं, पाण्यात आरोपी सोडला. विमलताई समोर बसल्या.

"नाव?"

"अळी आहे, मावशी. पाणभुंगेऱ्याची. पावसाळ्यात दिव्यावर काळे, गुळगुळीत भुंगेरे येतात ना, तसा होतो हा मोठा झाल्यावर."

"कशावरून? जळू नसन?"

"जळूला पाय असतात का? हिला सहा आहेत, सांध्यांचे. आता पायाचं टोक पाहा." तिनं भिंग दिलं. "किती नख्या?"

विमलताईंनी एक डोळा मिटला. "दोन."

"एक असती तर ही दुसऱ्या घराण्यातली. आता जबडा."

जबडा पाहून विमलताईंनी भिंग थोडं लांब धरलं. डोक्याच्या दोन बाजूंनी दोन इळे वाकले होते, टोकदार, एकमेकांना भिडलेले.

"हे इळे आतून पोकळ आहेत," अर्पिता म्हणाली. "चावून खात नाही ही. माशात रुतवते, आत पाचक रस सोडते, मासा आतल्या आत पातळ होतो आणि ती शोषून घेते. कातडी तेवढी उरते."

विमलताईंनी बोटाची पट्टी घट्ट केली. "म्हणजे मधला मासा हिनं खाल्ला."

"हिनं आणि हिच्या बहिणींनी. जिरं तर यांच्यासाठी जेवणावळच."

तेवढ्यात अळी बशीत उलटी झाली. डोकं खाली, शेपटी वर. शेपटीच्या टोकाची केसांची झालर पाण्यावर पसरली आणि ती तशीच लटकून राहिली.

"हे काय नाटक?"

"श्वास घेते आहे. शेपटीनं."

"शेपटीनं?" विमलताईंनी तिच्याकडं नव्या संशयानं पाहिलं.

"हिच्या अंगाला बाजूनं काही नाही, बघा. गुळगुळीत. पाण्यावर गरगर फिरणारे छोटे भिरभिरे किडे असतात ना, त्यांच्या अळीला दोन्ही बाजूंनी पिसांसारखे कल्ले असतात आणि शेपटीला चार आकडे. ती पाण्यातल्या पाण्यात श्वास घेते. हिला मात्र वर यावंच लागतं."

विमलताईंनी बशी स्वतःकडं ओढली. मग म्हणाल्या, "तळ्यात फवारणीचं औषध पडलं असतं तर?"

"ही पहिली मेली असती. औषध किड्यांसाठीच असतं, मावशी."

"धनीबाई म्हणन, औषधाचा जोर उतरल्यावर ही बाहेरून आली."

"भुंगेरा उडून येऊ शकतो. अळीला पंख कुठं आहेत? आणि बोटाएवढी व्हायला हिला दोन-तीन आठवडे लागतात. जिरं सोडलं त्याच्याही आधीपासून ही याच तळ्यात आहे."

"म्हणजे शनिवारीबी तळ्यातच होती."

"होतीच."

"अन् शनिवारी पाण्यावर तेलाचा पडदा असता तर?"

अर्पितानं बशीत लटकलेल्या शेपटीकडं पाहिलं. "तर आज ही तुम्हाला चावायला नसती."

बाहेर कुणाच्या तरी घरी फोडणी पडली. त्या वासानं विमलताईंच्या जिभेवर एकाएकी मागच्या शनिवारची चव आली आणि त्यांचा चेहरा असा झाला की अर्पितानं विचारलं, "काय झालं मावशी? बोट दुखतंय?"

"बोट नाही," विमलताई म्हणाल्या. "पोट."

५. पिसांची बाटली

"सांगून टाका ना मग सगळ्यांना," अर्पिता म्हणाली.

"काय सांगू? अळी साक्षीदार आहे म्हणून? तो म्हणन, तेल टाकलं, अळी वाचली. जिवाची चिवट असन. तांडा त्याचं आयकन का अळीचं?"

संध्याकाळी त्या रामसिंगला पाणंदीत गाठून म्हणाल्या, "रामसिंगभाऊ, हे तुमच्यातच ठेवा. कॉलेजातल्या बाई म्हणतेत, तळ्यात बाजूनं पिसं असलेली अळी सापडली तर तेल टाकणाऱ्याचा काहीच दोष नाही. ते अळी तेलानं मरतच नाही म्हणे. पण आमाले एकबी सापडली नाही. आता काय करता?"

"पिसं? कोंबडीसारखे?"

"बारीक. दोन्ही बाजूनं."

रामसिंगनं मान हलवली. हळहळ व्यक्त करायला तो फार वेळ थांबला नाही. नाल्याच्या बाजूनं गेला.

अर्पिता मागं उभी राहून ऐकत होती. "मावशी, संशयितालाच काय सांगता?"

"दुसऱ्या कोणालेच नाही सांगतलं," विमलताई म्हणाल्या.

शनिवारी सकाळी विमलताईंच्या ओसरीवर एक बाटली होती. कोल्ड्रिंकची, मोठी, बुचाला भोक पाडलेली. ठेवणाऱ्यानं आपलं नाव ठेवलं नव्हतं. बाटलीत बऱ्याच अळ्या वळवळत होत्या, आणि बाहेरून कोळशानं लिहिलं होतं: तळ्यातल्या.

अर्पितानं बाटली उजेडात धरली आणि तिचा चेहरा उजळला. "पिसं! आकडेपण आहेत! मावशी, ही भिरभिऱ्याचीच." मग तिनं आणखी निरखून पाहिलं. "पण ही बघा. तीन शेपट्या. ही तर भुंगेऱ्याची अळीच नाही, कुठल्या तरी नाजूक माशीचं पोर आहे. आणि हे काय आहे, हे मलाही माहीत नाही. ज्यानं पकडल्या त्यानं झालर दिसेल त्याला धरलेलं दिसतंय."

"खाली काय आहे?"

"रेती. चमकणारी."

"तळ्याले पन्नी आहे," विमलताई म्हणाल्या. "तिथं काळा गाळ आहे. रेती नाल्यात आहे. अन् वर काय आहे?"

अर्पितानं बाटली तिरपी केली. पाण्यावर पिवळसर गोल थेंब एकमेकांत मिसळत होते. तिनं बूच काढून वास घेतला.

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. सरकीचं तेल.

रामसिंगनं बाटली धुतली असणारच. पण नुसत्या पाण्यानं. साबण बिचाऱ्यानं सगळा तळ्यात टाकला होता.

६. शनिवारची चव

पूनमसिंग नायकाच्या घरासमोर तांडा बसला. धनीबाई ठाण्यात जायच्या लुगड्यात. बादल सावधान. रामसिंग नायकाच्या बाजूला, जरा जास्तच सरळ बसलेला. घनश्यामही आला होता. तो म्हणाला, बी गेलं तरी गिऱ्हाईक जाऊ नये.

विमलताईंनी मधोमध दोन काचेच्या बरण्या ठेवल्या. एकीत बाटलीतल्या पिसांच्या अळ्या. दुसरीत तळ्यातली, जी त्यांना चावली होती ती.

"या अळीनं जिरं खाल्लं," त्या म्हणाल्या. "बादलच्या औषधानं नाही. औषध असतं तर हे आधी मेली असती, मासोळी मंग. अन् मासोळी फुगली असती. हे पाहा कातडं."

कातडं हातोहात फिरलं. बायांनी जीभ चावली.

"पण साबण-तेलानं किडे मेले होते ना," धनीबाई म्हणाली. "मंग हे आली कुठून?"

"मरतच नाही ना ते!" रामसिंग उठला. "पिसं असते तिले बाजूनं! तेलानं मरत नाही ते जात! कॉलेजच्या बाईंनीच..." आणि तो थांबला, कारण विमलताई हसत होत्या. त्यांना हसताना तांड्यानं कधी पाहिलं नव्हतं.

"पिसं? तुमाले कोणं सांगतलं, रामसिंगभाऊ?"

"तुमीच... म्हणजे लोक बोलून राह्यले होते."

"कोणते लोक? मी एकालेच सांगतलं होतं."

धनीबाई सावकाश नवऱ्याकडं वळली. नायकानं आपली बाज थोडी बाजूला सरकवली.

"अर्पिता, तेल टाक," विमलताई म्हणाल्या.

अर्पितानं दोन्ही बरण्यांत साबणात घोटलेलं तेल चमचाभर ओतलं. पाण्यावर पडदा आला. पिसांच्या अळ्या तळाशी आपल्या आपल्या नादात फिरत राहिल्या. त्यांना वरच्या जगाशी कर्तव्य नव्हतं. तळ्यातली अळी मात्र वर आली. उलटी झाली, शेपटी पडद्याला लावली. खाली गेली. पुन्हा वर आली. शेपटीची झालर तेलानं चिकटून बोळा झाली. आख्खा तांडा श्वास रोखून एका शेपटीकडं पाहत होता. तिसऱ्यांदा ती अर्ध्यावरून परत फिरली, तळाशी जाऊन आडवी झाली आणि तिच्या पायांची हालचाल हळूहळू मंद होत गेली.

कुणी तरी मागून हळहळलं. मासोळीची पोरं मारणाऱ्या त्या अळीबद्दल तांड्याला क्षणभर वाईट वाटलं.

"शनिवारी तेल टाकलं असतं तर हे अशीच मेली असती," विमलताई म्हणाल्या. "फेस होता, कारण साबण टाकला. हात साफ राह्यले, कारण तेल टाकलंच नाही. नाल्यातून पिसांच्या अळ्या आणल्या, त्या तेलाच्या बाटलीत. आता तुमीच सांगा, रामसिंगभाऊ. पिपा कुठं गेला?"

रामसिंगनं आभाळाकडं पाहिलं. तिथून मदत आली नाही.

"पोट्टा पास झालता," तो शेवटी म्हणाला. "आपल्या तांड्याचा पहिला पोलीस. मी चार लोकायच्या पुढं बोलून गेलो, भजे माह्याकून. घरी येऊन पाह्यतो तर तेल वाटीभर. अन् कोपऱ्यात पिपा! मी म्हटलं, हे पाण्यात ओतणार? मासोळी तेलात टाकतेत, तेल मासोळीत..."

"ते आमी आयकलं आहे," धनीबाई म्हणाली. तिचा आवाज इतका शांत होता की पुढच्या रांगेतली माणसं मागं सरकली. "अन् ज्याच्यासाठी भजे तळले, त्याचंच नाव घेतलं?"

"मी नाव नाही घेतलं! मी निस्तं औषध म्हटलं. तो पंप घेऊन आला कायले? एकदा तोंडातून निघालं, मंग माघारी कसं घेऊ? तू तिथंच उभी होती!"

बादलनं इतका वेळ धरलेला श्वास सोडला आणि दोन दिवसांत पहिल्यांदा विश्राममध्ये आला. मग तो खाली बसला. त्याच्या बापानं फेट्याच्या शेवानं डोळे पुसले.

"चाला आता ठाण्यात," धनीबाई उठली. "माह्या नवऱ्याचं नाव लिहून घ्या."

"जाऊ," विमलताई म्हणाल्या. "पण तेलाचं लिहिलं का तेल कुठं गेलं तेबी लिहावं लागन. चोरीचा माल ज्यानं ज्यानं खाल्ला, तोबी त्याच्यात येते."

नायक खोकला. घनश्यामनं, तो सत्काराला नव्हता तरी, खबरदारी म्हणून तोंड पुसलं. धनीबाईनं हळूच पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. त्या सांजेला दिग्रसहून ती उपाशी आली होती.

तेवढ्यात बादल उभा राहिला. चेहरा अगदी गंभीर, भरतीतल्यासारखा.

"एक इचारू का, ताई?"

"इचार."

"तुमी किती खाल्ले होते?"

विमलताईंनी त्याच्याकडं पाहिलं. मग बरणीतल्या अळीकडं. मग स्वतःच्या पट्टी बांधलेल्या बोटाकडं.

"पोट्टा चांगला पोलीस होईन," त्या नायकाला म्हणाल्या आणि तक्रारीसाठी आणलेला कोरा कागद घडी करून कमरेला खोचला.

धनीबाईनं निकाल स्वतः दिला. दिवाळीपर्यंत घरात कढई चढणार नाही. आणि नवीन बी येण्याआधी तळ्यातली एकेक अळी रामसिंग स्वतः पकडणार, मच्छरदाणीनं, गळ्याएवढ्या पाण्यात उभं राहून. मंडपवाल्याची कढईही त्यानंच डोक्यावर घेऊन परत करायची, भर बाजारातून.

रविवारी सकाळी अर्पिता एस्टीला निघाली तेव्हा तळ्यावरून एक किंकाळी आली. ती आणि विमलताई धावत गेल्या. रामसिंग पाण्यात उभा होता, एक बोट हवेत धरून. बोटाला काहीतरी लटकलं होतं.

काठावर धनीबाई बसली होती. हातात अर्पितानं किडे ओळखायला शिकवून दिलेलं भिंग होतं. ती उठली नाही.

"चावली, चावली!" रामसिंग ओरडला.

"झटकू नको," धनीबाई म्हणाली. "आधी इकडं आण. नख्या किती ते पाहू दे."